चढावरचं जादा बाक

नगरपालिकेच्या मुख्य लेखापाल बाई वहिनींच्या कचेरीत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्याकडे एक बाक जास्त भरतंय."

मास्तरांनी हसू दाबलं. काहीतरी हरवलं म्हणून येणारे पुष्कळ असत. जास्तीचं सापडलं म्हणून आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. मास्तर म्हणजे वहिनींचे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांची हाक ऐकून ऐकून सगळं शहर या तपास करणाऱ्या बाईंना वहिनीच म्हणू लागलं होतं.

लेखापाल बाईंनी सगळं नीट सांगितलं. आजवर पालिकेचा हिशेब सोपा होता. पैसे आले, पैसे गेले, लिहिलं, संपलं. घेतलेली वस्तू पुढे टिकली की मोडली, याची कुणाला फिकीर नव्हती. आता आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे उपार्जित लेखापद्धत आली होती. प्रत्येक पंप, खांब, बाक मोजायचं, ते कुठून आलं आणि अजून किती वर्षं कामाला येईल ते नोंदवायचं. त्या मोजणीत रुग्णालयाच्या चढावर एक बाक निघालं, जे पालिकेनं कधी घेतलंच नव्हतं.

उपलेखापालाला खात्री होती, की पालिकेच्या वर्कशॉपच्या फोरमननं तिथलं लोखंड चोरून ते बनवलं. विकायला बनवलं असेल आणि मोजणी आली म्हणून रस्त्यावर टाकलं असेल. फोरमनला विचारलं तर तो मान खाली घालून गप्प. सोमवारी त्याला निलंबित करणार होते, आणि त्याची निवृत्ती तोंडावर आली होती.

"तो चोर नाही," बाई म्हणाल्या. "पण माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

वहिनी आणि मास्तर आधी चढावर गेले. बस खालीच थांबत होती. जिथे चढ खरा छातीवर येतो, तिथेच बाक होतं. समोर बघण्यासारखं काही नाही, नुसती रुग्णालयाची लांबलचक भिंत.

मास्तर टेकले. बाक नेहमीच्या बाकांपेक्षा उंच होतं. उठताना गुडघे कुरकुरले नाहीत, म्हणून ते खूश झाले. हात टेकायला मात्र एकच दांडी, डाव्या बाजूला. एक पाय वेलबुट्टीचा, दुसरा अगदी साधा.

"शाळेत कुणी असं काढलं असतं तर मी खोडायला लावलं असतं," ते म्हणाले.

"नका खोडू, भावजी. त्या पायांनीच आपलं निम्मं काम केलंय."

मग एकेकाची गाठ घेतली. पालिकेला बाकं पुरवणारा कंत्राटदार भेटला. आपण फुकट बाक ठेवू असं कुणाला वाटलं, याचंच त्याला वाईट वाटलं होतं.

फोरमन वर्कशॉपमध्ये कानस चालवत होता. नव्या मोजणीत त्याचं कोठार तंतोतंत जुळलं होतं. कोपऱ्यातला भंगाराचा ढीग तेवढा कुणी मोजला नव्हता. त्याच्या स्टुलावर एक उशी होती, निळ्या-केशरी त्रिकोणी तुकड्यांची, मोठमोठ्या वाकड्या टाक्यांची. कुणी दिली म्हणून वहिनींनी विचारलं. "मिळाली," एवढंच बोलून त्यानं पुन्हा कानस उचलली.

उपलेखापाल चाळिशीचा, कामानं सुकलेला माणूस होता. नवी पद्धत उभी करता करता त्याला घर परकं झालं होतं. त्याच्या खुर्चीवरही त्रिकोणी तुकड्यांची निळी-केशरी उशी होती. अर्धी बारीक सुबक टाक्यांची, अर्धी वाकडीतिकडी. मास्तरांनी नक्षीचं कौतुक केलं.

"आईनं शिवली. मध्येच खांदा धरला तिचा, म्हणून उरलेली डाव्या हातानं पुरी केली. आता रोज सकाळी मैत्रिणींबरोबर बागेत फिरायला जाते. होईल बरी." हे सांगताना त्याची नजर संगणकाच्या पडद्यावरून हलली नाही.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, की फोरमनला आणि याला एकाच दुकानातून उशी मिळालेली दिसते. वहिनींनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच चढावर गेल्या.

सोमवारी लेखापाल बाईंच्या खोलीत फोरमन आणि उपलेखापाल समोरासमोर बसले. जे सांगणार आहे, त्याची परवानगी जिची गोष्ट आहे तिच्याकडून घेतली आहे, असं सांगून वहिनींनी सुरुवात केली.

बाकाचे दोन पाय दोन जातींचे, म्हणजे ते दोन मोडक्या बाकांतून जुळवलेलं. लोखंड भंगारातलं, म्हणूनच कोठारात काही कमी पडलं नाही. विकायचं बाक कुणी असं विजोड करत नाही, आणि एका हातानंच उठता येईल असंही करत नाही. ते एकाच माणसासाठी बनवलेलं होतं. त्या माणसाला बसून उठणं जड जातं, त्याचा उजवा हात चालत नाही, आणि त्याला रुग्णालयाचा चढ रोज पायी चढावा लागतो.

"फोरमननी त्या बाईंना रस्त्याकडेला दगडावर बसून धापा टाकताना पाहिलं. बाक करून दिलं. बाईंनी त्यांना उशी शिवून दिली, डाव्या हातानं. तशीच दुसरी उशी या इमारतीत आहे."

उपलेखापालानं नकळत आपल्या खोलीच्या दिशेला वळून पाहिलं.

"आईंचा खांदा नाही धरलेला," वहिनी हळूच म्हणाल्या. "अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलाय. बागेत नाही, त्या रुग्णालयात व्यायामोपचाराला जातात. तुमच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे, म्हणून त्यांनी सांगितलं नाही."

उपलेखापाल फोरमनकडे वळला. "त्या माझ्या आई आहेत, हे माहीत होतं तुम्हाला?"

"तुमच्याबद्दलच तर बोलायच्या रोज. मुलाला कळू देऊ नका, म्हणाल्या. मी शब्द दिला."

"नोकरी गेली असती."

फोरमन ओशाळून हसला. "शब्द दिला होता ना, साहेब."

उपलेखापाल उठला आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. फोरमनला कुठे बघावं कळेना.

न विचारता भंगार वापरल्याबद्दल त्याला समज मिळाली, आणि प्रकरण तिथेच मिटलं. बाकाची नोंद लेखापाल बाईंनी स्वतः केली. त्यातून एक पैसा मिळत नसला तरी लोकांच्या उपयोगी पडतं ते नव्या नियमांत मालमत्ताच धरतात, असं त्यांनी मास्तरांना समजावलं. मास्तरांना ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपलेखापाल आईबरोबर चढ चढला. बाकावर दोघं टेकली. ऑफिसात इतकं नवीन काय चाललंय, असं तिनं विचारलं.

"पूर्वी एकदा पैसे दिले की वस्तूकडे परत बघत नव्हतो," तो म्हणाला. "आता दरवर्षी बघायचं, कशी आहे, किती झिजली."

"वर्षातून एकदा?"

"हो."

आईनं डावा हात त्याच्या हातावर ठेवला. "माझ्याकडे जरा लवकर लवकर बघत जा."