बायनाबाईच्या अंगणातली सोयरीक

केजच्या स्टँडवर जीपवाल्यानं असा काही ब्रेक मारला, की टपावरची माझी पिशवी उडाली आणि थेट सीताफळांच्या क्रेटमध्ये जाऊन पडली. पिकलेली फळं ती… फुटणारच. मी धावत गेले, तर फळवाला पोरगा पिशवीतली घुंगरांची चाळ बाहेर काढून उन्हात धरून बघत होता. घुंगरा-घुंगरात पांढरा गर.

"ओ भाऊ, ठेवा ते खाली."

"खाली ठिवलं तर माती लागंल." त्यानं वर बघितलं. डोळे असे हसरे, की माझा राग मध्येच कुठंतरी अडखळला. "आन् भाऊ नका म्हणू. बाकी कायबी म्हणा."

"बाकी काय? आगाऊ?"

"चालंल. घरीबी त्येच म्हणतेत."

मग तो खरंच काडी घेऊन एकेक घुंगरू साफ करत बसला. अंगद त्याचं नाव, दिंद्रुडकडचा. बी.ए. झाल्यावर पोलीस भरतीचा नाद सोडून त्यानं घरची सीताफळाची बाग धरली होती.

"कुणाची हाय चाळ?" त्यानं विचारलं.

"आईची. नवी दोरी घालून आणायला निघाले." उगाच खोटं नको म्हणून पुढं बोलून गेले, "पण बांधायचीय मला."

माझी आई म्हणजे बायनाबाई. केजबाहेर हमरस्त्याला कलाकेंद्र आहे, तिथं तिची नाचाची बारी. तिच्यासारखी लावणीची अदा पंचक्रोशीत कुणाची नाही, आणि हे मी लेक म्हणून नाही सांगत. पण मला तिनं नाचापासून चार हात लांब ठेवलं. कॉलेजला घातलं, रक्त तपासायचा कोर्स करायला लावला, आणि आता अंबाजोगाईच्या एका लॅबमध्ये नोकरीही लागली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आईची भीती साधी होती. आमच्यात रीतच अशी, की पोरीनं एकदा चाळ बांधली की तिचं लग्न होत नाही. आणि मी? मी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून तिचीच जुनी चाळ बांधून नाचायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये माझे नुसते हात चालायचे. नाचताना मी अख्खी जिवंत व्हायचे.

त्यानंतर केजच्या बाजारात जायला मला रोज काहीतरी निमित्त सापडायला लागलं. फळ देता-घेताना बोटं जराशी जास्तच रेंगाळायची… त्याची का माझी, देव जाणे.

"तुमी सीताफळ दाबून बघत न्हाई कावून?"

"तू देतोस ते गोडच निघतं."

"मंग नोकरीवर गेल्यावर अंबाजोगाईला आणून देतो की."

"नोकरी करायची न्हाई मला. नाचायचंय."

तो उगाच फळं इकडची तिकडं रचत राहिला. "चाळ बांधली की लग्न न्हाई करत म्हणं तुमच्यात…"

"न्हाई करत."

"मंग मी काय करू?"

भर बाजारात विचारलं त्यानं हे. पण माझं मेलं तोंडच तिखट. "तू फळं वीक," म्हटलं आणि तणतणत निघाले. जीपमध्ये बसल्यावर मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हा बहाद्दर एकटाच कलाकेंद्रावर हजर. नवा शर्ट, हातात साडी आणि नारळ. मागणी घालायला आला होता बिचारा. त्यानं अंगणात पाय ठेवला आणि सगळ्या नाचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या. परका पुरुष एकटाच साडी-नारळ घेऊन आमच्या अंगणात आला, तर तो पोरीला लग्न करून न्यायला आलेला नसतो, ठेवून घ्यायला आलेला असतो. आईनं ती साडी फाटकाबाहेर भिरकावली.

"माझी पोर शिकल्याली हाय. ठिवून घ्यायला न्हाई वाढवली तिला. चालता हो."

अंगदला काही उमगेना. मी जाऊन हळूच सांगितलं, तसे त्याचे कान लालबुंद झाले. मान खाली घालून तो निघून गेला. संपलं सगळं, असं वाटलं. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

रविवारी सकाळी फळांचा टेम्पो फाटकाशी थांबला. अंगदच्या आधी उतरली त्याची आई, उज्ज्वलाबाई. डोक्यावरचा पदर सावरत ती आईसमोर सतरंजीवर बसली.

"पोरगं येडं हाय, बायनाबाई. ही कामं आईबापानं करायची असतेत. तुमची तेजश्री आमाला सून म्हणून द्या."

या अंगणात पोरगी मागायला आजवर कुणाची आई आली नव्हती. डोळे पुसून माझी आई म्हणाली, "दिली. उद्यापस्नं नोकरीला जाती ती. नाच तिच्या पायाला शिवला न्हाई."

झालं. नवरा, नोकरी, आईचं सुख, सगळं पदरात पडत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. आणि तेच मला कधी जमलंय?

"शिवलाय," मी म्हणाले. "नोकरी न्हाई करणार मी. चाळ बांधणार. आन् लग्नबी ह्याच्याशीच करणार."

"दोन्ही होत न्हाई," आई म्हणाली. "रीत न्हाई तशी."

"रीत मला कुठं कळती, मावशी," अंगद चाचरत बोलला. "मला ही आवडती… आन् हिनं नाच सोडला, तर मला आवडती ती पोर उरायची न्हाई."

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. "चोरून नाचतीस ते कवाच कळलं हुतं मला. चालीवरनं कळतं." आणि ती एकदम ताठ बसली. "उज्ज्वलाबाई, पोरीकडची एक अट हाय. शनवार-रविवार ती माझ्या बारीत नाचंल. त्या दिवशी घरचं काम सांगायचं न्हाई."

उज्ज्वलाबाईंनी लेकाकडं बघितलं. "सयपाक येतो का रं तुला?"

"खिचडी येती."

"मंग जमलं."

मी अंगदकडं बघितलं, तर तो माझ्याकडंच बघत होता, सगळ्यांदेखत. आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "बसा विहीणबाई, च्या टाकते," ती म्हणाली. विहीणबाई. हा शब्द आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.