सुईने मोकळं केलेलं छिद्र

मी गेलो होतो कॉलेजच्या प्रयोगशाळेत फ्यूज बदलायला. तिथे संशोधन करणारी ती खिडकीशी उभी, हातात इवलीशी कुपी, उजेडात धरलेली.

"दुधाळ दिसतंय ना हो?"

"दिसतंय."

ती चक्क उडी मारते की काय असं वाटलं! म्हणाली, प्रोटीनवर ऋण भार, पॉलिमरच्या लांब साखळीवर धन भार. एकत्र आले की बिलगतात, बारीक थेंब होतात, पाणी दुधाळ होतं. पण मीठ पडलं की ते मध्ये घुसतं, मग दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.

"मीठ म्हणजे आमची आत्याच!"

ती इतकी हसली... कुपी सांडता सांडता वाचली.

तिचा आम्लता मोजायचा मीटर अडकत होता. तो मी तिथेच दुरुस्त करून दिला. कोर्स-बिर्स काही नाही माझा, उघडून बघत शिकलोय. मग काय, "मीटर बरा आहे ना?" हे निमित्त आयतंच मिळालं. रोज चारला जायचो. मीटरची मोजायची काचेची नळी कुपीत तशीच ठेवून ती माझ्याकडे वळायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

पण पाणी पुन्हा दुधाळ होईना. शुक्रवारपर्यंत तीनदा जमलं नाही तर तिचे मार्गदर्शक सर हे काम बंद करणार होते.

गुरुवारी डोळे पुसत म्हणाली, "मंगळवारी जरा जमलं होतं. नेमका तू नव्हतास."

मी मीटरकडे बघितलं. नळीच्या टोकाला पांढरा थर. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं...

"मीच केलंय हे. टोकाचं छिद्र बुजलं होतं, मी सुईने मोकळं केलं. जरा जास्तच. नळीत मिठाचं पाणी भरलेलं असतं, ते गळतंय. आणि मी आलो की तू नळी आत ठेवून बोलत बसतेस—"

तिने नळी उचलून टोक उजेडात धरलं.

"म्हणजे आत्या तूच!"

शेजारच्या खोलीतून तिने दुसरी नळी आणली. नव्या कुपीत बुडवली, लगेच काढली. पॉलिमरचा एक थेंब... आणि पाणी दुधाळ.

"एक झालं. उद्या अजून दोनदा. तू आत यायचं नाहीस."

"बरं." मी हत्यारांची पिशवी उचलली.

"अरे, ऐक तरी! सहाला सुटते मी. बाहेरच्या बाकावर थांब." मग कुपीकडेच बघत, हळूच, "नळी काढायचं भान राहत नाही मला... ते काय उगाच?"

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच जाऊन बसलो. सहाला ती आली तीन कुप्या घेऊन. तिन्ही दुधाळ.