शेवटच्या पानाचा शोध

“कुणीही पाय हलवू नका!” मावशी दारातूनच ओरडली.

भिंगरी एका पायावर थिजली. तिचा धाकटा भाऊ ढापण्या टेबलाखाली वाकला होता, तो तसाच राहिला. शेजारच्या चिंगीने तर श्वासच रोखला. सुट्टीला आल्यापासून मावशीचा एवढा चढलेला आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

टेबलावर काल एक ट्रे होता. त्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून भोवती दोरा आवळून बांधलेलं पुस्तकाचं शेवटचं पान होतं. आता ट्रे गायब होता!

“त्यात काय? वहीत बघून पुन्हा जुळव,” ढापण्या म्हणाला.

“वही असती तर!” मावशी मटकन खाली बसली. “मी कविता लिहीत नाही रे, जुळवते. कागदावर लिहायला लागले की फार बडबडते. एकेक खिळा उचलायचा म्हटलं की हात आखडतो आणि खरं तेवढंच उरतं.”

म्हणजे ती कविता जगात फक्त त्या ट्रेमध्ये होती! काकांनीही ती वाचली नव्हती. मावशीने जुळवायचं, काकांनी यंत्राचा दांडा ओढायचा आणि पहिला छापलेला कागद त्यांनीच वाचायचा, हा दोघांचा जुना रिवाज. घरातल्या या छापखान्यातून इतरांची पुस्तकं पुष्कळ निघाली. मावशीचं स्वतःचं मात्र हे पहिलंच.

“शाई नीट उठावी म्हणून कागद भिजवून ठेवलाय,” काका हळू आवाजात म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत छापला नाही तर बुरशी धरेल. तसला कागद पुन्हा मिळायचा नाही.”

“हे बघा!” टेबलाखालून ढापण्याने कापलेला दोरा काढला. सोबत लाल रिबिनीचा तुकडा होता.

“चोर कशाला रिबीन बांधेल?” चिंगी म्हणाली.

“चोर नाही बांधणार, सत्कार करणारे बांधतात!” भिंगरीने उडीच मारली. “काल वाचनालयाचे अध्यक्ष आले होते ना?”

आले होते खरे. वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी शाई लावायचा मोडका रूळ मागायला आले होते. काका रूळ पुसायला फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी समोर दिसला तो ट्रेही दोरा कापून, रिबीन बांधून उचलला असणार. अध्यक्षांचं पहिलं पुस्तक याच यंत्रावर छापलं गेलं होतं, म्हणून त्यांना सगळं घरचंच वाटत असे.

“चला रे!” म्हणत भिंगरी पळालीसुद्धा.

वाचनालयाच्या दारात दारवान आडवा आला. “उद्घाटनाआधी कुणाला सोडायचं नाही.”

भिंगरीने लाल तुकडा नाचवला. “रिबीन कमी पडलीय. परत नेऊ? मग अध्यक्षांना काय सांगू, कुणी अडवलं?”

“जा बाई, जा!”

दालनात मखमलीवर ट्रे होता. दोऱ्याच्या जागी लाल रिबिनीचा फुगीर बो आणि शेजारी पाटी : नामशेष झालेली कला.

“नामशेष म्हणजे?” चिंगीने विचारलं.

“मेलेली,” ढापण्या म्हणाला.

“पण मावशी तर घरी रडतेय!”

ढापण्याने ट्रेला नुसतं बोट लावलं, तर खिळे डुगडुगले. “उचलू नको!” भिंगरी दबक्या आवाजात ओरडली. उलटी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. “आधी इथेच छापून घेऊ. मग काकांना बोलावू.”

टेबलावरचा शिक्क्याचा पॅड तिने वरच्या ओळींवर दाबला, कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू ठेवली आणि तळहाताने घासली. आली! अर्धी कविता आली! ती पॅड पुन्हा उचलणार, तोच अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आत आले.

भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. अध्यक्ष रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा फुलला. “अरेरे, चुकलंच माझं! केवढी हुशार मुलं! थांबा, मी स्वतः तुमच्या हाती देतो. फोटो काढा रे!”

“उचलू नका! नुसती रिबीन आहे!” तिघंही किंचाळली.

बो सुटला. सगळी कविता फरशीवर सांडली. पाहुण्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

त्या दुपारी भिंगरीने घेतलेल्या ठशावरून मावशीने वरचं अर्धं पान जुळवलं. उरलेलं मात्र तिने पुन्हा जुळवलं, मोडलं, परत जुळवलं, परत मोडलं. “आठवतंय थोडंथोडं,” ती म्हणाली. “थोडंथोडं छापता येत नाही.” संध्याकाळी काकांनी दांडा ओढला आणि पहिला कागद उचलला. शेवटची ओळ होती, ‘तू दांडा ओढतोस तेव्हा मी’. खाली अर्धं पान कोरं.

“तेव्हा तू काय?” काकांनी विचारलं.

“तोंडाने सांगता आलं असतं, तर खिळे कशाला जुळवले असते?” मावशी म्हणाली आणि शाईचे हात धुवायला निघून गेली.

प्रकाशन वाचनालयातच झालं. अध्यक्षांनी मुलांना व्यासपीठावर बोलावून त्यांची पाठ थोपटली. “या चिमुकल्यांनी आपला वारसा वाचवला!” मग त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान सभेला उंच धरून दाखवलं. “आणि ही कोरी जागा! ‘तेव्हा मी’, आणि पुढे काहीच नाही! काय ही प्रतिभा!”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. भिंगरीला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिने पहिल्या रांगेत पाहिलं. मावशी मान खाली घालून बसली होती. शेजारी काका मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते अजून मावशीकडेच बघत होते, ती काही सांगेल म्हणून.