इंजिनावरचा नंबर

"नंबर जुळत नाही!" गाडीचा मालक फोनवरून ओरडला आणि आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या वर्कशॉपात सगळ्यांचे हात थांबले.

गाडी होती १९७० सालची शेव्हेल. अमेरिकन, उघड्या टपाची, लाल. अशा गाडीच्या इंजिनावर चेसिस नंबरातले शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळले तर गाडी सोन्याच्या मोलाची, नाहीतर नुसतं देखणं लोखंड. कागदावर होतं १०१४. रंगकामाला उतरवलेलं इंजिन परत चढवल्यावर त्यावर निघालं नऊ-शून्य-नऊ-आठ. म्हणजे कोणीतरी अस्सल इंजिन पळवून दुसरं घुसडलं होतं आणि नंबर ठोकताना माती खाल्ली होती.

इंजिनांच्या खोलीला चाव्या दोनच. एक फिटर यहयाकडे, दुसरी मॅनेजर दत्तप्रसादकडे. ऑफिस सांभाळणारी प्रमिला ही दत्तप्रसादची बायको. शेकायचं ते गरिबावरच, तसा संशय यहयावर गेला. दुपारी पोलीस यायचे होते.

"यहयाभाई, रजेवर गेलात तेव्हा चावी कुणाला दिलीत?" प्रमिलाने विचारलं.

"कोणाला नाय, वहिनी. माझ्याच खिशात होती."

खरं बोलून माणूस स्वतःलाच बुडवत होता.

"आणि हा नंबर कुठे लिहून ठेवला होतात?"

यहयाने आपली वही पुढे केली. रत्नागिरीच्या उर्दू शाळेत शिकलेला माणूस, आकडेही उर्दूतलेच. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका.

"पुढच्या महिन्यात पोरीचा निकाह आहे, वहिनी. आता आत गेलो तर खलास."

प्रमिला वहीकडे बघत राहिली. मग तिची नजर फळ्यावर गेली. दुपारचे डबे किती, ते दत्तप्रसादने खडूने मराठी आकड्यांत लिहिलं होतं: १४.

ती तडक नवऱ्याच्या केबिनमध्ये गेली. "अहो, इंजिन कुठेय?"

"मला काय विचारतेस? यहयाला विचार."

"मी तुम्हालाच विचारतेय."

दत्तप्रसादने दार लोटलं. "तो गावी जाईल, दुसरं काम बघेल. मी गेलो तर तुझं आणि आपल्या लेकीचं, शुभ्राचं काय? व्हिसा माझ्यावर आहे तुमचा."

इतकं असहाय तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पोलीस आले. इन्स्पेक्टरने यहयाचा पासपोर्ट मागितला, तेव्हा प्रमिलाने कागदावर १०१४ लिहून तो त्यांच्यापुढे सरकवला. "सर, प्लीज, ये पढिए."

"नाइन, झीरो, नाइन, एट."

"नाही सर, हे मराठी आकडे आहेत. एक, शून्य, एक, चार." ती तोडक्यामोडक्या हिंदीत समजावू लागली. "चोराने नंबर ठोकणाऱ्या कारागिराला चिठ्ठी दिली. घाईत, सवयीने, मराठीत. त्या बिचाऱ्याने इंग्रजी समजून वाचलं आणि तसंच ठोकलं. यहयाभाईंनी चिठ्ठी दिली असती तर इंजिनावर उभ्या रेघा आल्या असत्या. त्यांची वही बघा."

इन्स्पेक्टरने वही बघितली. "इथे मराठी आकडे कोण लिहितं?"

"दोघंच. मी आणि माझे मिस्टर."

"और चाबी?"

दत्तप्रसादने मान खाली घातली. एक चावी आपल्याकडे असती तर आळ एकट्या नवऱ्यावर आला नसता, असं प्रमिलाला वाटलं.

"मेरे पास कभी नहीं थी," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.