चौथी शिट्टी

सुट्टीवर निघताना माणसं नेमकं हवं तेच विसरतात. ईशानचा चार्जर बॉथेलच्या घरी राहिला, इलाचं जाकीट राहिलं, पण अहिल्याचा कुकर राहिला नाही. तो मागच्या सीटवर, आठ वर्षांची इला आणि तिचे आजोबा यांच्या मधोमध, पट्टा लावून बसला होता.

"यार, तीन दिवस केबिनमध्ये राहायचंय, पंगत वाढायची नाहीये," ईशान गाडी चालवता चालवता म्हणाला.

"तू तुझा बर्गर खा. बाबांना वरण-भात लागतो."

खरं म्हणजे बाबांना, अहिल्याच्या सासऱ्यांना, हल्ली काहीच लागत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी नागपुरात सासूबाई गेल्या आणि त्या दिवसापासून रवींद्ररावांची भूकच गेली. ईशान त्यांना इकडे बॉथेलला घेऊन आला, तरी तेच. दोन घास खायचे, "झालं माझं" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. तपासण्यांत काही सापडलं नाही. वजन मात्र अकरा किलोंनी उतरलं. असंच चाललं तर हा हिवाळा ते काढतील असं वाटत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. हवापालट करून बघा, असंही म्हणाल्या होत्या.

हवापालटाला आधी ऑस्ट्रेलिया ठरलं होतं. अहिल्याची नणंद दीपा सिडनीला असते, तिच्याबरोबर ब्लू माउंटन्समध्ये आठवडाभर राहायचं. पण ईशानच्या व्हिसाचा घोळ झाला. देशाबाहेर पडलो तर परत येऊ देतील याची खात्री नाही, म्हणून ते कॅन्सल केलं. निळे नाही तर नाही, डोंगर तर डोंगर, असं म्हणत त्यांनी घरापासून तीन तासांवर, कॅस्केड्समधल्या एका तळ्याकाठचं केबिन घेतलं.

जागा मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. ऑक्टोबर नुकता लागलेला, उतारावरचे लार्च वृक्ष हळदीसारखे पिवळे झालेले. तळ्याचं पाणी दुधाळ हिरवं, आणि पलीकडचा काठ म्हणजे सरळ पाण्यात उतरलेला काळा कडा. मालकिणीने टेबलावर सूचनांची फाइल ठेवली होती. पलीकडे वस्ती नाही, पायवाट नाही, तिकडे जायचा प्रयत्न करू नये, असं तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मोबाइलला नेटवर्क नव्हतं. भिंतीवर एक जुना वायरवाला फोन होता, तो इलाला फार आवडला.

कुकर सासूबाईंचा. बाबांनी तो नागपूरहून धोतरांत गुंडाळून आणला होता. त्याची मूळची शिट्टी मात्र सासूबाई गेल्या त्या गडबडीत हरवली. वरचं काळं बोंड तडकलेलं आणि सासूबाईंनी त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली, अशी ती शिट्टी शंभरात ओळखू आली असती. सगळं स्वयंपाकघर उपसलं तरी मिळाली नाही. शेवटी ईशानने बर्डीच्या बाजारातून नवी आणली.

सासूबाई वरणाला चार शिट्ट्या द्यायच्या. तिसरी झाली की "पानं घ्या" म्हणून हाक, आणि चौथीला बाबा पेपर खाली ठेवून, हात धुऊन जेवायला हजर. पंचेचाळीस वर्षांचा नेम. अहिल्या तीनच देत असे. चौथीला डाळीचं पीठ होतं, असं तिचं ठाम मत. लॅबमध्ये काम करणारी बाई, मोजल्याशिवाय मीठही टाकायची नाही.

शुक्रवारी संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, तिने कुकर लावला. फोडणी घातली की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून आधीच सगळ्या खिडक्या उघडल्या. तीन शिट्ट्या झाल्या आणि तिने गॅस बंद केला.

थोड्या वेळाने तळ्यापलीकडून एक शिट्टी आली.

कुकरचीच. किंचित घोगरी, लांबलेली, शेवटी विरत गेलेली.

"इको आहे," ईशान म्हणाला.

"तळं अर्धा मैलसुद्धा रुंद नाही. इको पाच सेकंदांत येतो, ईशान. दीड मिनिट लागत नाही."

"मग कुणीतरी कॅम्पिंग करत असेल. देसी असणार. आपली माणसं कुठेही कुकर घेऊन जातात, तुझ्यासारखी."

अहिल्या उत्तर देणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ते खुर्चीतून उठले होते. बेसिनपाशी जाऊन त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि टेबलाशी येऊन बसले. न बोलावता. त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा भात घेतला. अहिल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिट्टी कुणाची का असेना, जेवले ना, असं म्हणून तिने विषय मनातून काढून टाकला.

पण लॅबची सवय जाते कुठे? शनिवारी सकाळी तिने बटाटे उकडायला लावले आणि मुद्दाम दोन शिट्ट्यांवर गॅस बंद केला. घड्याळ हातात घेऊन ती खिडकीशी उभी राहिली.

पलीकडून दोन आल्या.

"थ्री. फोर," इलाने दुधाचा कप खाली न ठेवता मोजलं. "आई, हू इज फिनिशिंग इट?"

अहिल्याच्या मनात पाल चुकचुकली. बाबा बाहेर ओसरीत उभे होते, काळ्या कड्याकडे तोंड करून. पाण्यावरून वारा आला आणि त्याबरोबर तुपात परतलेल्या हिंगाचा वास आला. तिने स्वतः अजून फोडणी घातली नव्हती.

"बाबा, आत या. गार आहे."

"येतो," ते म्हणाले. "आज लवकर लावलाय तिने."

कुणी, हे अहिल्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला नंतर फार वाटलं.

दुपारी ईशान दूध आणायला आणि ऑफिसचा एक कॉल उरकायला अर्ध्या तासावरच्या गावात गेला. तीनच्या सुमारास डोंगरावरून धुकं उतरलं. आधी कडा गेला, मग तळं, मग अंगणातलं बाकडंही दिसेना. इलाला पांघरूण घालून अहिल्या बाहेरच्या खोलीत आली तर बाबांची खुर्ची रिकामी. काठी भिंतीशी तशीच. चपला नव्हत्या.

ओसरीही रिकामीच होती.

भिंतीवरच्या फोनवरून तिने मदत मागितली. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, माणसं निघतायत, पण या धुक्यात तास लागेल, तुम्ही घर सोडू नका. अहिल्या काठापर्यंत धावली, "बाबा! बाबा!" म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडली. हाक चार हातांवर विरत होती. आणि तिची हाक जिथे पोचत नव्हती, तिथून आवाज मात्र स्वच्छ येत होता.

एक शिट्टी.

थोड्या वेळाने दुसरी.

बाबा कुठे चाललेत ते तिला कळलं. भुकेला माणूस हाकेच्या दिशेनेच जाणार. पण त्या दिशेला रस्ता नव्हता, नुसतं बर्फासारखं गार पाणी होतं.

ती आत पळाली. कुकरमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं, झाकण लावलं, गॅस मोठा केला. झोपमोड झालेली इला तिच्या कमरेला बिलगली. पाणी तापायला इतका वेळ लागतो हे अहिल्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात पलीकडे तिसरी झाली.

आता "पानं घ्या" म्हणायची वेळ.

तिच्या कुकरची पहिली शिट्टी सुटली तेव्हा ती ओसरीचं दार सताड उघडून उभी होती. पलीकडची चौथी आली. पण अहिल्याने गॅस बंद केला नाही. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी. पलीकडूनही येत राहिल्या, एक इकडची, एक तिकडची. दोन स्वयंपाकघरं एकाच माणसाला जेवायला बोलावत होती.

सातवीला अहिल्याचा धीर सुटला. ती धुक्याकडे बघून मोठ्याने बोलली, जशी ती सासूबाईंशी फोनवर बोलायची तशी.

"आई, मला तुमच्यासारखं वरण येत नाही. मान्य आहे. पण अजून नको ना. इलाला आत्ता कुठे आजोबा मिळालेत. त्यांना इकडे जेवू द्या, आई. मी चार शिट्ट्या देईन. रोज देईन."

इकडची आठवी झाली.

ती थांबली. इलाही श्वास रोखून थांबली.

पलीकडून काही आलं नाही.

नववी. दहावी. आता फक्त इकडच्याच. अकरावी होत होती तेव्हा धुक्यातून आधी पांढरा सदरा दिसला, मग रवींद्रराव. सावकाश, पण नीट पाय टाकत. अहिल्याचा जीव भांड्यात पडला. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला. हात गरम होता. गवत भिजून चिंब झालं होतं, पण त्यांच्या चपला कोरड्या होत्या.

"कुठे गेला होतात हो बाबा!"

"जेवायला," ते म्हणाले. "मग तिकडची थांबली. म्हटलं, म्हणजे आपलं पान इकडे वाढलेलं दिसतंय."

गॅस बंद करून तिने त्यांना टेबलाशी बसवलं आणि आधी मदतीला निघालेल्यांना फोन करून कळवलं. गावात निरोप कळून ईशान धापा टाकत आला तेव्हा कुकरमध्ये खरोखरची डाळ होती आणि अहिल्या शिट्ट्या मोजत होती. तिसरी झाली. "पानं घ्या," ती म्हणाली. चौथी तिच्याच कुकरची होती. पलीकडे सगळं शांत होतं.

बाबा पोटभर जेवले. वरण पिठासारखं झालं होतं. त्यांनी ते बोटांनी निपटून खाल्लं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. "लिंबाची फोड आहे का गं?"

ईशानने मान वळवून डोळे पुसले. अहिल्या लिंबू चिरायला उठली. हा हिवाळा निघणार, आणि त्यापुढचाही निघेल, असं तिला अगदी आतून वाटलं.

"हो, विसरलोच," मागून बाबांचा आवाज आला. "हे तुला द्यायला सांगितलंय."

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत कुकरची शिट्टी होती. काळं बोंड तडकलेलं, त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली.

अहिल्या सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. इलाने बोट पुढे केलं, तारेला लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"आऊच! आजोबा, इट्स स्टिल हॉट."