निम्म्या खऱ्या गोळ्या

फोन इस्पितळातून आला. "मॅडम, लगेच या. हे साधं आजारपण नाही. कुणीतरी घडवून आणलंय."

इन्स्पेक्टरबाई चहा अर्धवट टाकून निघाल्या. ठाण्यात त्यांना पाठीमागे 'घोरपड' म्हणत. एकदा चिकटल्या की सुटत नाहीत, म्हणून. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

खाटेवर म्हातारे डॉक्टर निपचित पडले होते. उभी हयात बाळंतपणं करण्यात गेलेली, दबदबा असा की समोर मोठमोठ्यांची बोबडी वळावी. आज त्यांच्यात पापणी उचलायचंही त्राण नव्हतं.

"झालंय काय?" बाईंनी विचारलं.

उपचार करणारी तज्ज्ञ डॉक्टरीण वयाने तरुण होती, पण बोलणं स्वच्छ. "यांची पियुषिका ग्रंथी काढलेली आहे. मेंदूच्या तळाशी असते, वाटाण्याएवढी. जीव एवढासा, पण सगळ्या शरीरावर हुकूम तिचा. थायरॉईड तिच्या सांगण्यावर चालते. वाढ, पाळी, बाळंतिणीचं दूध, सगळं तिच्या हातात. आणि तिने सांगितलं तरच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते नसेल तर साधा तापसुद्धा माणसाला घेऊन जातो."

"मग ती काढल्यावर माणूस जगतो कसा?"

"कॉर्टिसॉलच्या गोळ्यांवर. रोज, न चुकता. यांच्या बाटलीतल्या गोळ्या मी तपासून घेतल्या. निम्म्या खऱ्या आहेत. निम्म्या कॅल्शियमच्या, दिसायला तशाच."

"निम्म्याच?"

"निम्म्याच. नीट मिसळून ठेवलेल्या."

"घरच्यांना या ग्रंथीचं माहीत होतं?"

"कुणालाच नाही. ऑपरेशन नाकातून करतात. यांनी घरी सांगितलं, नाकाचं हाड वाढलंय. आणि गोळ्या म्हणे ताकदीच्या."

जन्मभर दुसऱ्यांची दुखणी पाहिलेल्या माणसाला स्वतःच्या दुखण्याची लाज वाटावी, याचा बाईंना रागच आला.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांचा मुलगा येरझाऱ्या घालत होता. त्याने सरळ बायकोकडे बोट केलं. "औषधं हीच आणते. महिनाभर बाबांशी हिचं वाजत होतं. मॅडम, हिला घेऊन जा. माझ्या मुलीला मी हिच्या सावलीलाही उभं करणार नाही."

सून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, काय बोलताय? मुलीला तोडणार माझ्यापासून?"

बाईंनी तिला बाजूला घेतलं. "भांडण होतं?"

"होतं. महिनाभर ते अंथरुणातून उठायला मागत नव्हते. जेवण नको, बोलणं नको. म्हणायचे, वय झालं. मला वाटलं, सोंग आणलंय. मी तोंडावर म्हटलं तसं त्यांना. पण गोळ्या मी बंद डब्यात आणून देते, मॅडम. बाटलीत ते स्वतः भरायचे. माझा हातही लागत नाही त्यांना."

"बाटली कुठे असते?"

"त्यांच्या अभ्यासिकेत. टायपिस्ट येते ना, त्या टेबलावर."

टायपिस्ट दाराशीच उभी होती. डॉक्टर आत्मचरित्र सांगत आणि ती ते टाइप करी. नीटनेटकी, खाली मान घालून बोलणारी.

"गोळ्या कोण देतं?"

"कामाला बसताना मीच द्यायची. दोन."

"कसल्या?"

"ताकदीच्या म्हणायचे. मला काय कळतंय त्यातलं?"

"कोसळले त्या दिवशी?"

"अंगात फणफणून ताप होता, ग्लानी होती. मी दोनाच्या चार दिल्या. माझ्या परीने काळजीच घेतली हो."

बाईंनी मान डोलावली. मग मुलाला बजावलं, "बायकोच्या अंगाला हात लावायचा नाही आणि मुलीला तिच्यापासून हलवायचं नाही. मी सांगेपर्यंत." आणि टायपिस्टच्या घरी कोण असतं ते विचारून तिच्या मावशीचं घर शोधत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शुद्धीवर आले. बोलण्याइतकी ताकद आली तसं बाईंनी सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं.

"ज्याला जीव घ्यायचा असतो तो सगळ्या गोळ्या बदलतो," बाई म्हणाल्या. "इथे निम्म्या खऱ्या ठेवल्या. म्हणजे माणूस मरायला नको होता. जिवंत हवा होता, पण हात उचलायची मारामार व्हावी असा. मध्येच ताप आला आणि हिशेब चुकला."

"ते हिलाच जमेल," मुलगा म्हणाला.

"गप्प बसा. ताप आला म्हणून ताकदीची गोळी कुणी दुप्पट करतं? कुणीच नाही. पण कॉर्टिसॉलची करतात. तुमचं आमचं शरीर तापात आपणहून ते जास्त बनवतं. ज्याची पियुषिका गेली त्याला जमत नाही, म्हणून गोळ्या वाढवायच्या. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, हा नियम पाठ असतो तो ज्याच्या घरात हा आजार आहे त्यालाच." बाई वळल्या. "या घरात आजाराचं नाव कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र गोळ्या दुप्पट करायचं सुचलं. तुमच्या मावशीने सगळं सांगितलं मला. आईच्या गोळ्या आठवल्या ना?"

टायपिस्टने पहिल्यांदाच मान वर केली.

"माझ्या जन्माच्या वेळी आईचं रक्त वाहत राहिलं," ती म्हणाली. "यांनी वेळेवर बघितलं नाही. रक्तपुरवठा तुटला आणि मेंदूतली हीच ग्रंथी करपली. आईला दूधच आलं नाही. हे म्हणाले, बाईला पोर नकोय, म्हणून पान्हा नाही. पुढे तिला उठवेना, थंडी सोसवेना, केस गळाले. हे म्हणाले, कामचुकार आहे. बाबांनी ते खरं मानलं आणि दुसरं घर केलं. माझं कॉलेज संपल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या सुरू केल्या. तेव्हा कुठे आई मला पहिल्यांदा जवळ घेऊन हसली. पण शरीर पार पोखरलं होतं. वर्षभरच मिळाली मला."

"आणि यांचा आजार कसा कळला?"

"गोळ्या बघितल्याबरोबर. आईच्या उशाशी त्याच असायच्या. मी आले होते फक्त बघायला, पुस्तकात आई येते का. बाळंतपणांची प्रकरणं सगळी टाइप केली. एक ओळ नाही. तेव्हा गोळ्या बदलल्या. म्हटलं, यांनाही कळू दे, उठवत नसताना घरच्यांनी सोंगाडा म्हटलं की कसं लागतं ते." ती सुनेकडे वळली. "तुम्हाला नेलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. माझ्या आईच्या बाजूनेही कुणी उघडलं नव्हतं."

सून दाराकडे वळली. नवरा तिला थांबवायला पुढे आला. तिने त्याचा हात झिडकारला आणि मुलीला आणायला एकटीच निघून गेली.

बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "आठवते का ती बाळंतीण?"

डॉक्टरांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. मग क्षीण आवाजात म्हणाले, "नाही. अशा बऱ्याच असायच्या. थकल्या म्हणून येणाऱ्या."

इन्स्पेक्टरबाईंनी बेड्या काढल्या. टायपिस्टला आता त्या घालायच्या, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

टायपिस्टने आपणहून दोन्ही हात पुढे केले. डॉक्टरांकडे बघत ती म्हणाली, "मग त्या बऱ्याच जणींचं एक प्रकरण घाला पुस्तकात. टाइप करायला दुसरी बघा."