धाकट्याचा वाटा

जुलै २०१६ मधल्या एका शनिवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर अस्मिता कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन आली. तेवढ्या दहा मिनिटांत रमणदादाने विषय काढून जवळजवळ संपवलाही होता. तो आई-बाबांना घेऊन न्यूझीलंडमधल्या टौरंगाहून सकाळीच न्यू लिनला तिच्या घरी आला होता, आणि संध्याकाळी परत जाताना दोघांपैकी एकालाच नेणार होता.

"माझ्याकडे पोरांचा दंगा, तुझ्याकडे ही काडेपेटी," तो म्हणाला. "दोघं एका घरी मावत नाहीत, अस्मि. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

"गाय-म्हैस आहोत का रे आम्ही, दावं बदलायला?" आतल्या खोलीतून आई म्हणाली.

अस्मिताला आई हवी होती. टोस्टर टणकन उडाला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. आई शेजारी असली की मात्र तिला गाढ झोप लागायची. पण हे दादाला सांगायचं कसं?

"तुझ्या त्या ड्यूकांनी काय केलं असतं?" त्याने चिडवलं. अस्मिताची पीएचडी जर्मनीतल्या एका चिमुकल्या डचीवर, म्हणजे ड्यूकच्या संस्थानावर होती. शंभर वर्षांत तीनदा भावाभावांनी वाटून घेतलेला मुलूख.

"थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही."

"स्वीट अ‍ॅझ, एकदम झकास. मी पाडतो, तू उचल."

तिने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. १३७४ च्या वाटणीपत्रात भाऊ दोन आणि वाटेही दोनच. प्रत्येक गाव, गिरणी, पूल तिने तक्त्यात बसवला होता, तरी एक गढी कुठल्याच वाट्यात बसत नव्हती. त्या गढीत दोघांची विधवा आई राहायची. गढीपुढे एवढंच लिहिलेलं होतं, 'धाकट्याने उचलली'. पण धाकट्या भावाचा वाटा तर दुसऱ्या पानावर पुरा लिहिलेला होता. गाइड म्हणाले, लेखनिकाची चूक असणार. असेलही. तरी वाटणीच्या दिवसानंतर म्हातारीचं नाव एकाही कागदात सापडत नव्हतं आणि तीन आठवडे अस्मिताचं डोकं त्यातच अडकलं होतं.

रमणने दोन कोरे कागद घेतले. एकावर लिहिलं, 'बाबा, त्यांची शुगर, रोजचा फेरफटका.' दुसऱ्यावर, 'आई, तिचे गुडघे, पूजा, टोमणे.' दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"उचल."

तेवढ्यात केटल खटकन बंद झाली. अस्मिता दचकून तिकडे वळली, परत टेबलाकडे बघते तर एकच कागद. बाबांचा.

"दादा, चेष्टा पुरे."

"मी हात तरी लावला का?" त्याने रिकामे हात दाखवले.

दोघांनी टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या ओढल्या, गालिच्याचा कोपराही उचलला. खिडक्या बंद होत्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि खोलीत हळूहळू एक वास भरत चालला होता... वेखंडाचा. तान्ह्या बाळाच्या टाळूला लावतात त्या वेखंडाचा. अस्मिताच्या घरात वेखंड कुठून येणार?

"हो रे... येते... जरा दम धर," आत आई कुणाशी तरी अगदी हळू बोलत होती.

अस्मिता दारात गेली. आई पलंगाच्या कडेवर बसली होती. शाल पांघरलेली, पायांत बूट, पर्स मांडीवर. बाबा भिंतीला टेकून उभे होते, पांढरेफटक.

"कुठे निघालीस, आई?"

"तो चल म्हणतोय."

"कोण?"

बाबाच बोलले, एकेक शब्द ओढून काढल्यासारखे. "तुझ्या पाठीवर एक मुलगा झाला होता, अस्मि. तू दीड वर्षाची होतीस. आठ दिवस होता... बारसंसुद्धा झालं नाही. तुम्हाला कशाला सांगायचं, म्हणून..."

अस्मिताला काही क्षण काहीच कळेना. तक्ता, गढी, म्हातारी, आई, सगळं एकमेकांत मिसळलं. मग एकच गोष्ट लख्ख दिसली. ती धाकटी नव्हती. आधी उचलायचा मान तिचा नव्हताच.

ती धावत बाहेर आली आणि बाबांच्या नावाचा कागद तिने टराटरा फाडला. "वाटणी मोडली. दोघं इथेच राहतील, माझ्याकडे. मी हॉलमध्ये झोपेन. कळलं? वाटणीच नाही."

"बरं बाई," रमण म्हणाला. तोही घाबरला होता, पण तसं दाखवणं त्याला जमणारं नव्हतं.

वास विरला. आई जांभई देऊन उठली आणि "चहा टाकते" म्हणाली, जणू काही घडलंच नव्हतं. साडेचारला रमण निघाला. आई त्याला लाडवांचा डबा द्यायला गाडीपर्यंत गेली. अस्मिता कप विसळत होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण आईला परतायला जरा वेळच लागला. मग दार लागलं आणि आई आत येऊन सोफ्यावर बसली. अस्मिताचा जीव भांड्यात पडला.

तासाभराने फोन वाजला.

"बॉम्बेला पेट्रोल भरायला थांबलोय," रमण दबक्या आवाजात म्हणाला. न्यूझीलंडमधल्या या बॉम्बेवर तो एरवी दरवेळी एक विनोद करायचा. आज केला नाही. "हे बघ, रागावू नकोस. आई आलीये माझ्याबरोबर. डबा द्यायला आली आणि सरळ गाडीतच बसली. म्हणाली, 'आधी इथून चल, अस्मिला मग सांगू.' आत्ताच डोळा लागलाय तिचा. हात नुसते बर्फासारखे गार होते गं, मी हीटर लावलाय..."

अस्मिताने मान वळवली.

आई सोफ्यावर होती. पाय जमिनीला न टेकवता, पोटाशी घेऊन बसली होती. दिवा लावलेला नव्हता. पलीकडे बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते, एक हात चौकटीवर, आणि ते आईकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

"अस्मि? ऐकतेयस ना?" फोनमधून रमण म्हणाला.

सोफ्यावरून एक हात पुढे आला, तळवा वर करून.

"दे ना," ती म्हणाली. आवाज आईचाच होता, फक्त बोलायची सवय नसल्यासारखा. "मला आईशी बोलायचंय."